दीड बोट

"डॉक्टर साहेब, तुम्ही स्वतः खर्रा खाता का?"

मिनल उभी राहून विचारून मोकळी झाली आणि बारावी सायन्सचा वर्ग चिडीचूप झाला. मागच्या बाकावर मेघानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. वैभवीनं तर डोळेच मिटून घेतले. पैज त्या दोघींचीच होती. नागपूरहून दातांच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरला हे विचारून दाखव; दाखवलंस तर आठवडाभर सायकल आम्ही मारू, तू राणीसारखी मागं बस. गाव ते नरखेडची शाळा सहा किलोमीटर, त्यातली अर्धी वाट चढाची. मिनलला सौदा परवडला.

सहा महिन्यांपूर्वी हीच पोरगी हजेरीला 'यस सर' म्हणतानासुद्धा खाली पाहायची. पण दिवाळीआधी नीटच्या सराव परीक्षेत ती तालुक्यात पहिली आली. शिकवणीवाल्यांनी एस.टी. स्टँडसमोरच्या फलकावर तिचा फोटो लावला आणि तिच्या अंगात वारंच भरलं. आता तिला गप्प बसवणं अवघड झालं होतं.

डॉक्टर तरुण होता. चष्मा पुसत म्हणाला, "खात होतो. तंबाखू, सुपारी, चुना, सगळं घोटून. कॉलेजात असताना, दोन वर्षं. मग एक दिवस आलूबोंडा तोंडात जाईना."

वर्ग खो खो हसला. तो हसला नाही. त्यानं आपली तीन बोटं जोडली, उभी करून दातांमधून आत घातली आणि काढली. "अशी तीन बोटं गेली तर तोंड ठीक. सगळ्यांनी करा."

साठ पोरापोरींनी तोंडात बोटं घातली. कुणी ओकारी काढली, कुणी शेजाऱ्याच्या तोंडात घालायला गेलं. पाण्याची कळशी घेऊन दारात आलेल्या शिपाईकाकांनी हौसेनं बोटं घातली. दोन गेली. तिसरं काही जाईना. ते ओशाळं हसत पुन्हा पुन्हा घालू लागले.

"काका, तिखट लागतं का तोंडाला?" डॉक्टरनं हळूच विचारलं.

"लय झोंबते साहेब. पण दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच कोणी येत नाही," डॉक्टर म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला खाली वाकला.

त्या संध्याकाळी मिनल वैभवीच्या सायकलमागं बसून दोन्ही पाय हलवत गावात शिरली. "मी दातायचीच डॉक्टर होईन," तिनं जाहीर केलं.

"बाप्पा!" मेघा बाजूनं ओरडली. "फलकावर तर एमबीबीएस लिवलं हाय वं तुह्या फोटोखाली."

"फलक का माहा बाप हाय?"

"लोकायच्या तोंडात हात घालशीन?"

"घालीन. पयले तुह्या. मंग पाहीन एवढी वटवट येते कुठून."

घरी अनंता अंगणात बसून चाकूला धार लावत होता. मिनलचा बाप कलमाचे डोळे बांधायचा. जंबेरी लिंबाच्या काटेरी खुंटाला वीतभर उंचीवर साल चिरायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. डोळा जगला की जंबेरीचं रोप संत्र्याचं होतं. गावाबाहेर मनोहररावांची रोपवाटिका होती आणि तिथं पंचवीस हिवाळे अनंताच्या हाताचं नाव होतं. दुसरे बांधणारे काढलेले डोळे ओल्या फडक्यात ठेवायचे, एकेक उचलायचे. अनंता ते ओठात धरायचा. चार चार डोळे ओठाच्या कोपऱ्यात, ओले राहायचे, हात दोन्ही मोकळे. त्याच्या बापानं त्याला तसंच शिकवलं होतं. दुसऱ्याचं एक रोप होईपर्यंत अनंताची दोन व्हायची.

"बाबा, तोंड उघडा न."

"कायले? मी का लहान लेकरू हाय?"

"उघडा त! शाळेत डॉक्टर आले होते."

अनंतानं गालातला खर्रा थुंकला, चूळ भरली, दुपट्ट्यानं ओठ पुसले. सगळं सावकाश. मग म्हणाला, "अक्कलदाढ दुखून राहिली. उद्या पाह्यजो."

मिनल ऐकते कशाची. तिनं त्याच्यासमोर फतकल मारलं आणि आपली बोटं त्याच्या दातांशी नेली. एक गेलं. दुसरं नखापर्यंत गेलं आणि अडलं. वरचे दात तिच्या नखावर, खालचे पेरावर टेकले. बापाचे डोळे ताणून पाण्यानं भरले, पण दात तसूभर हलले नाहीत.

"दीड!" मिनल म्हणाली आणि हसली. शिपाईकाकांपेक्षा कमी निघालं म्हणून तिला आधी गंमतच वाटली.

चुलीपाशी परातीतला थपथप आवाज थांबला होता. आई, कौसल्या, भाकरीचा हात तसाच धरून बघत होती. मग तिनं अनंताचं ताट वाढलं. भाकर वरणात चुरून, अगदी लगदा करून. भाजीचं नाव नाही, ठेचा नाही. मिनल ते ताट कित्येक महिने बघत होती. बाबांना आवडतं तसं, एवढंच तिला वाटायचं.

"आई, तुले माहीत होतं?"

"जेव," कौसल्या म्हणाली.

दत्तजयंतीची सुट्टी होती. आईबाप दोघंही रोपवाटिकेत. कौसल्या खुरपणीला, अनंता डोळे बांधायला. मिनल जीवशास्त्राची वही घेऊन तिथंच गेली आणि जेवणाच्या सुट्टीत तिनं बायांचं तपासणी शिबिरच मांडलं. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायची, पुढं बोटं.

"या वं कौसल्याबाईची डॉक्टरीन आली! पाह्य वं माह्यं."

"अडीच. काकू, सुपारी बंद करा."

"मंग जेवल्यावर का दगड खाऊ?"

बाया हसून हसून वाफ्यात बसल्या. मालक मनोहररावही आले. पांढरा पायजमा, हातात फोन. त्यांनीही बोटं घातली. तिन्ही सरळ आत.

"काका पास!" मिनल ओरडली.

मनोहरराव खूश. "अन तुह्या बापाचं किती?"

"दीड," मिनल म्हणाली. वही उंच धरून, नाटकातल्यासारखी. "सगळ्यात शेवटचा नंबर माह्या बाबाचा!"

पुन्हा हशा पिकला. तीन वाफे पलीकडं अनंता उकिडवा बसून काम करत होता. त्याच्या ओठात तीन हिरवे डोळे होते. त्याला ऐकू गेलं. मान वळली नाही. फक्त हातातली पट्टी गुंडाळता गुंडाळता निसटली आणि त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पट्ट्या सोडायचा दिवस आला. मिनलची शाळा सकाळची होती. दुपारी ती डबा घेऊन गेली तेव्हा वाफ्यांच्या कडेला माणसं नुसती उभी होती. पट्टी सोडली की डोळा हिरवा दिसायला पाहिजे. अनंताच्या वाफ्यातला डोळा काळा पडून, आगपेटीतल्या जळक्या काडीच्या टोकासारखा गळून हातात येत होता. दहातला एखादा हिरवा. बारा वाफे तसेच.

शेजारचे वाफे पियुषनं बांधले होते. गेल्या वर्षीच काम शिकलेला, हळू, ओल्या फडक्यावाला. त्याच्या वाफ्यात हिरवी रांग लागली होती.

"पाणी सारखं," मनोहरराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "काडी एकाच झाडाची. थंडी सगळ्यायले सारखी. पियुषचे डोळे जगले अन तुह्ये मेले. काहून गा, अनंता?"

अनंता पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"पियुषनं फडक्यात ठेवले. तू तोंडात. तोंडात काय राह्यते तुह्या, मले माहीत नाही का? चुना, तंबाखू, सुपारी. माह्ये डोळे भाजून काढले तू."

"मालक, पंचवीस वर्षं…"

"पंचवीस वर्षं खर्रा एवढा नव्हता. पोरीनंच सांगतलं न त्या दिवशी, दीड बोट. तोंड उघड."

कुणीतरी खोकलं. कौसल्यानं पदर पुढं ओढला.

"उघड त. पाहू दे सगळ्यायले, कोणत्या भट्टीत माह्ये डोळे जळले."

अनंतानं तोंड उघडलं. उघडलं म्हणजे, जेवढं उघडत होतं तेवढं. लालकाळ्या दातांमधली फट. मनोहरराव गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बाजारात बैलाचे दात बघतात तसे एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं बघून घेतले. अनंता मान वर करून उभा राहिला. त्यानं तोंड मिटलं नाही. मिटायला कुणी सांगितलं नव्हतं.

मिनलच्या हातात डबा होता. तिनं तो छातीशी घट्ट धरला.

"बारा वाफे पुन्हा बांधून दे," मनोहरराव उभं राहत म्हणाले. "ऊन चढायच्या आत. पावसाळ्यात वरूडचा गिऱ्हाईक रोपं न्यायले येईन, त्याले मी काय दाखवू? अन एकबी डोळा तोंडात गेला तर वाफ्यात पाय ठेवायचा नाही."

अनंतानं मान हलवली. जेवणाचा डबा त्या दिवशी तसाच परत आला.

घरी गेल्यावर कौसल्या मिनलला एवढंच म्हणाली, "तुह्या तोंडानं बापाचं तोंड चारचौघायले दाखवलं तू. आता हात चालव."

दुसऱ्या दिवसापासून अनंता फडकं घेऊन बसला. पण पंचवीस वर्षांचा हात नव्या वळणावर जाईना. चिरा मारायचा, मग डोळ्यासाठी हात आपोआप ओठाकडं जायचा, थबकायचा, मग खाली फडक्याकडं. तेवढ्यात चिरेची साल सुकायची. त्यात मालकाच्या धाकानं दिवसभर खर्रा नाही, म्हणून बोटं थरथरायची. संध्याकाळपर्यंत एक रांगही झाली नाही. दोनदा चाकू त्याच्याच अंगठ्यात शिरला.

मग मिनल बसली. ती हे काम लहानपणापासून खेळता खेळता शिकली होती. शाळा सुटली की तशीच गणवेशात वाफ्यावर, अंधारेपर्यंत. रविवारी दिवसभर. रविवार म्हणजे नागपूरची सराव परीक्षा, सकाळची एस.टी. फाट्यावर थांबायची, वैभवी एकटीच चढायची.

जंबेरीच्या खुंटाला सुईसारखे काटे. मिनलनं त्यांचा उपयोग शोधून काढला. नोट्सचं पान काट्याला टोचून लटकवायचं, डोळा बांधता बांधता वाचायचं, रांग पुढं सरकली की पानही पुढच्या खुंटावर. "लाळेच्या ग्रंथी तीन जोड्या," ती पुटपुटायची. चिरा मारायची. "कानाखालची, जबड्याखालची, जिभेखालची." डोळा बसवायची. पट्टी गुंडाळायची. तीन आठवड्यांत तिच्या पानांना इतकी भोकं पडली की उजेडात धरलं तर चाळण दिसावी. गुडघे सोलवटले. बोटांना जंबेरीच्या पानाचा कडवट वास असा बसला की जेवतानाही जाईना.

शिकवणीच्या सरांचा फोन आला तेव्हा ती आठव्या वाफ्यात होती.

"मिनल, तीन टेस्ट चुकवल्यास. काय चाललंय?"

"सर, घरी काम हाय थोडं."

"मे महिना बघता बघता येतो. आणि तू डेंटल भरणार म्हणतेस असं कानावर आलं. अगं, ते एमबीबीएस हुकलेल्यांसाठी असतं. उरलंसुरलं. तुझ्यासारखीनं ते मागायचं? अशीच गैरहजर राहिलीस तर मात्र तेही मिळायचं नाही, आणि फलकावर दुसऱ्याचा फोटो लावावा लागेल."

मिनलनं फोन खांदा आणि कान यांच्यात धरला होता; दोन्ही हात पट्टीवर होते. "लावा सर," ती म्हणाली. फोन बंद झाल्यावर खूप वेळ तिला पुढचा खुंट दिसेना. डोळे पुसायचे तर बोटं चिकाची.

अनंता त्या दिवसांत तिच्याशी बोलतच नव्हता. काड्या कापून आणायचा, पाणी आणून ठेवायचा, तिच्यासमोर जेवायचा नाही. जेवताना पाठ करून बसायचा. त्याच पाठीकडं बघत असताना एका दुपारी ती एकदम वाकलेली दिसली. पियुषच्या डब्यातली भाकर त्यानं आग्रह मोडवेना म्हणून घेतली होती. तिला लसणाचा ठेचा लागलेला. अनंता दोन्ही हातांनी तोंड धरून बसला होता. भाकरीच्या तुकड्यावर रक्त होतं.

मिनल त्याच्यासमोर जाऊन बसली. या वेळी तिनं बोटं पुढं केली नाहीत.

"बाबा, बुधवारी माह्यासंग नागपूरले चाला. दातायच्या दवाखान्यात."

"काही नाही झालं मले. दात लागला."

"चाला म्हणतो न मी."

"नाही येत."

"मंग उद्यापासून वाफे तुम्हीच बांधा. मी फडकं मनोहररावच्या हाती देऊन येतो."

अनंतानं तिच्याकडं असं पाहिलं की तिला पळून जावंसं वाटलं. एवढी वर्षं त्यानं तिच्यावर हात उचलला नव्हता. आताही नाही उचलला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, दुपट्टा दुमडला, रक्त आत गेलं. "किती वाजताची गाडी हाय?" त्यानं विचारलं.

दवाखान्याच्या बाकांवर माणसंच माणसं होती, आणि बहुतेकांनी तोंडावर दुपट्टा नाहीतर रुमाल धरलेला. कन्हानचा एक खाणीतला गडी, बेस्याचा एक रिक्षावाला. आतून नाव पुकारलं की उठताना प्रत्येक जण हातातली पुडी खिशात खोल सारायचा. अनंतानंही सारली. मिनलनं पाहिलं.

आत शिकणारी एक मुलगी होती, मिनलपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. मिनलसारखीच एक वेणी, ती टोपीत कोंबलेली. तिनं हातमोजे घातले आणि अनंताच्या दातांमध्ये स्टीलची छोटी पट्टी धरली.

"एकोणीस मिलिमीटर. काका, किती वर्षं खाता?"

मिनलला वाटलं, आता बाबा म्हणतील दोन-तीन.

"वीस," अनंता म्हणाला. "जास्तच."

"चांगलं केलंत, खरं सांगितलंत." ती मुलगी त्या एवढ्याशा फटीतून आरसा आत सरकवत होती आणि अनंता डोळे मिटून पडला होता. ती रागावली नाही, हसली नाही, कुणाला बोलावून दाखवलं नाही. मिनल तिच्या हातांकडं बघत राहिली. बाकावर रांग लांबलेली, आणि तरी त्या हातांना घाई नव्हती.

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी या. तोवर हा व्यायाम, म्हणून तिनं आइस्क्रीमच्या कांडीला असतात तशा लाकडी पट्ट्या एकावर एक रचून अनंताच्या दातांत बसवल्या. दहा बसल्या. "रोज तीन वेळा, दहा दहा मिनिटं. दर आठवड्याला एक काडी वाढवायची. दुखेल. थांबायचं नाही."

परतीच्या गाडीत अनंतानं त्या दहा काड्या खिशातल्या पुडीशेजारी ठेवल्या.

चार दिवसांनी मिनलला त्या सापडल्या. दहाव्या वाफ्यात, रांगांच्या टोकाला रोवलेल्या. प्रत्येकीवर अनंताच्या कोरीव अक्षरात तारीख: कोणती रांग कोणत्या दिवशी बांधली. मिनलनं त्यातली एक उपटली. टोकाला ओली माती. कौसल्या तिथंच खुरपत होती.

"आई, हे…"

"ठेव तिथंच." कौसल्यानं खुरपं थांबवलं नाही. "त्याले भेव वाटते. काड्या तोंडात धरून आरशापुढं बसला होता परवा. मी गेली तं आरसा पालथा घातला. मले का दिसत नाही काही? वर्षभरापासून भाकर चुरून राहिली मी. म्हटलं, जेवढे दिवस नाव नाही घेत तेवढे दिवस तं नाही."

मिनलनं दहाही काड्या उपटल्या आणि पाटाच्या पाण्यात धुतल्या.

रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली. शाळेत पोट दुखतं म्हणाली, घरी शाळेत जाते म्हणाली. कागदावरचे इंग्रजी शब्द तिला कळत होते. तेच सगळ्यात वाईट होतं. पेशींचा भाग तिनं पाठ केला होता, जंबेरीच्या काट्यावर टांगून.

वेणीवाल्या मुलीनं तिला बाजूला बसवलं. "अजून कॅन्सर नाही. पण त्याच वाटेवर आहे. चट्टा काढून टाकायचा आणि गालात कडक पट्टे झालेत ते कापून तोंड मोकळं करायचं. आत्ता झालं तर बरं. सहा महिन्यांनी आलात तर मी तुला असं सांगू शकणार नाही." तिनं रजिस्टर पाहिलं. "या सोमवारी एक जागा आहे. नाहीतर मग मार्चअखेर. घरी विचारून सांगतेस का?"

मिनलनं खिडकीबाहेर पाहिलं. उरलेले दोन वाफे. रविवारची टेस्ट. वीस दिवसांवर बारावीची परीक्षा, मग मे. घरी विचारलं तर काय होईल ते तिला ठाऊक होतं. बाबा म्हणतील वाफे होऊ दे. आई म्हणेल त्यायले पुसा. आणि मार्च निघून जाईल.

"लिहा," ती म्हणाली. "अनंत विठोबा. सोमवार."

निघताना तिनं विचारलं, "ताई, तुम्ही दातांचं स्वतःहून मागितलं का, का उरलं म्हणून?"

ती मुलगी हातमोजे बदलत होती. "मागितलं," ती म्हणाली. "माझ्या आजोबांना शेवटी चमच्यानंही पाणी जात नव्हतं." आणि पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी मिनल घरी पोचली तेव्हा बाजेवर मनोहरराव बसलेले होते, चहाचा कप हातात. पहिल्या चार वाफ्यांच्या पट्ट्या उलगडून बघितल्या होत्या; मिनलनं बांधलेले डोळे जगले होते. त्यामुळं ते खुशीत होते.

"आली का डॉक्टरीन! हात तं बापाच्या वर गेला बुवा तुहा. आता दोन वाफे राह्यले. ऊन तापून राहिलं. उद्यापासून चार दिवस शाळा बुडव अन मोकळं कर मले. सोमवारपर्यंत झालेच पाह्यजे."

मिनलच्या जिभेवर उत्तर आलं होतं. महिन्यापूर्वीची मिनल असती तर अंगणभर ऐकू गेलं असतं. ती बापाकडं पाहत राहिली. अनंता जमिनीवर बसला होता, मालकापेक्षा खाली, तोंडावर हात.

"येईन थे," अनंता हाताआडून म्हणाला. "होऊन जाईन, मालक."

मनोहररावांनी चहा संपवला, आणखी थोडं हवापाण्याचं बोलले, चपला घातल्या, गेले. त्यांच्या मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडं जाईपर्यंत ती दारात उभी होती. मग तिनं दार लोटलं आणि कडी घातली.

"कडी कायले लावली वं?" कौसल्यानं विचारलं.

"आई, बस इथं. बाबाजवळ."

दप्तरातून तिनं आधी काड्या काढल्या. दहा धुतलेल्या आणि एक नवी, अकरावी. त्या बापाच्या हातावर ठेवल्या. मग घडी केलेला कागद काढला आणि आवाज खाली आणून, घरातल्या घरात राहील एवढाच, चट्ट्याचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. 'त्याच वाटेवर' म्हणताना तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा तेच वाक्य सरळ म्हटलं.

कौसल्यानं पदर तोंडाशी नेला. अनंता काड्यांकडं बघत होता.

"मार्चात पाहू," तो म्हणाला. "वाफे होऊ दे. मालकाले आत्ताच हो म्हटलं मी."

"बाबा, सोमवारी तुम्ही भरती होऊन राहिले. मी नाव लिहून आली."

"नाव लिहून आली? मले न पुसता?"

"तुम्हाले न पुसता. रविवारी पहाटेच्या गाडीनं मी टेस्ट द्यायले जाऊन राहिली, वैभवीच्या मावशीकडं राहीन. सोमवारी आई तुम्हाले घेऊन येईन, मी दवाखान्याच्या दारात उभी असन. बारावीचा पेपर देईन, मेमधी नीट देईन, अन दातायचीच डॉक्टरकी भरीन, सर काही म्हणोत."

"अन थे दोन वाफे?" कौसल्या म्हणाली. "मनोहररावले काय सांगायचं?"

"पियुष हाय. नाहीतर मालकाच्या तोंडात तीन बोटं जातेत, त्यायनं ओठात डोळे धरून बांधावे." हसू कुणालाच आलं नाही, तिलाही नाही. "मी त्या वाफ्यात आता बसत नाही, आई."

अनंतानं मान वर केली. तोंडावरचा हात खाली आला. महिनाभरानं त्यानं आपलं तोंड तिच्यासमोर उघडं टाकलं होतं. "एवढं सगळं ठरवून आली," तो म्हणाला, "अन आता आम्हाले विचारून राहिली का?"

"नाही बाबा," मिनल म्हणाली. "विचारून नाही राहिली. सांगून राहिली."